नुसत्या ब्रेकवर

आमची गाडी बिघडली म्हणून मी गाडी चालवायला लागले. हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय आणि प्रत्येक जण ते दुरुस्त करायला जातो. पण ते असंच आहे.

लायसन्स माझ्याकडे कधीपासूनच होतं. ते मी शिकवणाऱ्या मास्तरांच्या लहानशा, समजूतदार गाडीवर काढलं. घरची गाडी वेगळीच. मॉडेल नव्व्याण्णवचं, युरोपातलं, ऑटोमॅटिक, आणि टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय हे मला कळलं ते लायसन्स आल्यावर दुसऱ्याच दिवशी. एक्सलरेटरवर पाय दिला, गाडी ढिम्म. आणखी दिला, तरी ढिम्म. बहिरी आहे की काय म्हणून चांगला दाबला, तर मागून कुणी लाथ घालावी तशी सुटली आणि बहारीनच्या माहूज भागातल्या आमच्या गल्लीतल्या कोल्ड स्टोअरसमोर रचलेल्या पाण्याच्या खोक्यांत घुसली. कोल्ड स्टोअर नाव थंड असलं तरी ते आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दुकानदाराने मला खुर्ची दिली आणि फुटलेल्या खोक्यातलीच एक बाटली प्यायला दिली. तेव्हापासून मी एक्सलरेटरकडे बघितलं नाही. टॅक्सी, शेजारी, आणि नाहीतर घरी.

मग या दसऱ्यानंतर गाडीला काहीतरी झालं. चालू केली की इंजिन पिसाळल्यासारखं ओरडायचं. पाय न देता इंजिन जेवढं फिरतं त्याला आयडल म्हणतात, आणि आरपीएमचा, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा आठशेच्या आसपास असावा लागतो. आमचा थेट दोन हजारावर जाऊन बसला. माझा नवरा दत्तप्रसाद ऑडिटर आहे. चुकीच्या जागी बसलेला आकडा त्याला सहन होत नाही. तो गाडीला हातच लावेना, ऑफिसातल्या कुणाबरोबर तरी जायला लागला.

त्याच आठवड्यात प्रभावतीताईंची फिजिओथेरपी होती. त्या खालच्या मजल्यावर राहतात, नागपूरच्या. गुडघा बदललेला. मुलगा अश्वजित शिफ्टवर, टॅक्सीवाला येतो येतो म्हणून आला नाही, आणि सलमानिया हॉस्पिटलला वेळेवर पोचायचं होतं. ताई काठी टेकून पार्किंगमध्ये उभ्या.

"तुझ्याकडे लायसन्स आहे न?" त्या म्हणाल्या.

"आहे. पण मला येत नाही."

"मग सरकारने काहून दिलं?"

मी बसले. ब्रेक दाबून गाडी चालू केली, डी मध्ये टाकली, ब्रेक हळूच सोडला. आणि गाडी आपणहून निघाली. मी एक्सलरेटरला शिवलेसुद्धा नाही. इंजिन एवढं फिरत होतं की सपाट रस्त्यावर गाडी छान तिशीच्या पुढे जाऊन स्थिर राहिली. लाथ नाही, झटका नाही, बहिरेपणा नाही. हवं तेव्हा ब्रेक दाबायचा, नको तेव्हा सोडायचा. एकच पाय, एकच पट्टी. माझ्यासाठी कुणीतरी मुद्दाम केलेली गाडी वाटली मला.

सिग्नलला मात्र न्यूट्रलमध्ये टाकावी लागायची, आणि मग ती जी डरकाळी फोडायची! शेजारच्या लाल स्पोर्ट्स कारमधल्या तरुणाला वाटलं मी त्याला शर्यतीला बोलावतेय. त्यानेही आपली गुरगुरवली. मी त्याला मान हलवून नमस्कार केला. हिरवा झाल्यावर तो क्षितिजाकडे गेला आणि मी तिशीत.

त्या दिवसापासून मी सुटले. सलमानिया, भाजी, समुद्राकडची चक्कर, सगळं. ताई शेजारी. कधीकधी तर फिजिओथेरपी नसतानाही ताईंचा गुडघा दुखायला लागायचा आणि आम्ही निघायचो.

दत्तप्रसादला कौतुक. "बघ, पूजेचा गुण," तो म्हणाला. "दसऱ्याला यंदा मी गाडीची पूजा मनापासून केली. तुला धीर आला तो त्यानेच."

तो एवढं खरं बोलतोय हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पण मंगळवारी गाडीची वर्षाची तपासणी होती. ती पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन नाही. मीना सलमान बंदराकडच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं, टर्बो काढून बघावा लागेल, इंशाल्ला. दत्तप्रसादने घरी जाहीर केलं, "या शुक्रवारी आपण शोधून काढू. मिळालं तर ठीक. नाहीतर तपासणीत नापास, आणि सरळ भंगारात. खलास. मग तुला टॅक्सी आहेच की."

टॅक्सी आहेच की. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. चांगला बारीक चिरला.

शुक्रवारी सकाळी पार्किंगमध्ये समिती भरली. चार मराठी माणसं एकत्र आली की आधी समिती होते, मग काम. यात तर तीनच होते, तरी झाली. आरपीएम निवारण समिती. अध्यक्ष दत्तप्रसाद, कारण गाडी त्याची. मयुरेश बँकेत आहे, पुण्याचा, त्याने यूट्यूबवर रात्रभर व्हिडिओ बघितले होते. विवेक प्रकल्पावर इंजिनिअर, बाष्पाच्या मोठ्या पाइपांशी त्याचा संबंध, म्हणून गाडीची नळी त्याला पोरखेळ वाटत होती.

"आधी कार्यपद्धती ठरवू," अध्यक्ष म्हणाले. "कोणीही परस्पर स्क्रू काढायचा नाही. सूचना मांडायची, अनुमोदन घ्यायचं, मग पाना लावायचा."

"अनुमोदन कोण देणार? तिघांतला एक सूचक, एक अध्यक्ष. राहिलो मीच. आणि मी विरोधात आहे," विवेक म्हणाला.

बॉनेट उघडलं. आत पूजेच्या हळदीकुंकवाची बोटं अजून ताजी होती. बॅटरीवर वाळलेलं झेंडूचं फूल. आणि इंजिनाच्या वरच्या बाजूला, एका चकचकीत दांड्याला आणि शेजारच्या कडीला मिळून, लाल-पिवळा दोरा चांगला आवळून बांधलेला. दत्तप्रसाद दरवर्षी दोरा बॅटरीच्या पट्टीला बांधतो. यंदा नव्या बॅटरीवर प्लॅस्टिकचं झाकण आलंय, म्हणून त्याने जिथे पकड मिळाली तिथे बांधला. पूजेचा दोरा आपल्याकडे काढत नाहीत. झिजून आपोआप पडला तर पडला.

मयुरेशने वाकताना दोऱ्याला बोटं लावून छातीला लावली. विवेकनेही. आणि तिघे कामाला लागले.

मयुरेशची पहिली सूचना तापमानाच्या सेन्सरची. "इंजिन थंड असलं की ते स्वतःच आरपीएम वाढवतं. सेन्सर खराब असेल तर इंजिनाला सतत वाटत राहतं की थंडी आहे."

विवेकने कपाळावरचा घाम पुसला. "बहारीनमध्ये?"

"सेन्सरला काय माहीत कुठे आहे ते!"

"सव्वीस वर्षं झाली गाडीला इथे. आता तरी कळायला पाहिजे."

सेन्सर काढला, पुसला, फुंकला, परत लावला. काटा दोन हजार.

मग विवेकची सूचना. कुठल्यातरी नळीला चीर असणार, तिथून जास्तीची हवा आत जातेय. शोधायचं कसं? धूर सोडायचा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे चीर. त्यांच्या प्रकल्पावर त्याचं मशीन आहे म्हणे.

"इथे मशीन कुठे आणायचं?" अध्यक्ष म्हणाले. मग एकदम वळून मला हाक मारली, "गो कस्तुरी, उदबत्त्या आण."

"पेट्रोलजवळ उदबत्ती?" मी म्हणाले.

"आम्ही काळजी घेऊ."

काळजी म्हणजे मयुरेशने लांब हात करून उदबत्ती धरली आणि चेहरा दुसरीकडे फिरवला. इंजिन चालू, डरकाळी सुरू, आणि हे तीन गृहस्थ तीन उदबत्त्या घेऊन गाडीभोवती डावीकडून उजवीकडे फिरू लागले. धूर सरळ वर जात होता. मोगऱ्याचा वास सुटला. दोऱ्यापाशी आल्यावर उदबत्तीचा हात आपसूक गोल फिरायला लागला. एकदा मयुरेशचा, मग दत्तप्रसादचा. विवेकने डोळे मिटले.

एवढ्यात अर्शद आला. आमच्या इमारतीचा रखवालदार, इकडे नातूर म्हणतात. तो जरा वेळ आदबीने उभा राहिला आणि मग हळूच मला म्हणाला, "भाभीजी, कोई गुज़र गया क्या?"

"नहीं भाई, गाडी का इलाज चल रहा है।"

"अच्छा," तो म्हणाला. त्याने टोपी काढली होती ती परत घातली नाही.

मी पोह्यांची ताटली घेऊन जवळ उभी होते. मयुरेशने इंजिन हाताने वाढवून दाखवायचं ठरवलं. "हा दांडा बघा, याला आतून एक्सलरेटरची केबल येते. हा फिरवला की हवा वाढते, आरपीएम वाढतात." त्याने दांडा फिरवला, इंजिन किंचाळलं. दांडा फिरला तसा दोरा सैल पडला. मयुरेशने हात सोडला. दांडा मागे आला, आला, आणि दोऱ्याने त्याला धरलं. दोरा तंग झाला. दांडा तिथेच राहिला, आपल्या जागेपासून बोटभर अलीकडे.

काटा दोन हजार.

"बघितलंत?" मयुरेश म्हणाला. "दांड्याचा काही दोष नाही. अगदी मोकळा फिरतोय."

त्याने परत करून दाखवलं. परत दोरा सैल, परत तंग. तिघे माना डोलावत होते. मी तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणालाच दिसत नव्हतं. म्हणजे दोरा दिसत होता सगळ्यांना. पण तो गाडीचा भाग नव्हता ना. तो देवाचा भाग होता, आणि देवाच्या भागात बिघाड शोधत नाहीत.

मी तोंड उघडलं.

आणि पोहे पुढे केले. "गार होतायत," म्हणाले.

त्यानंतर आणखी दोन नळ्या आणि एक व्हॉल्व्ह निघाले, साबणाच्या पाण्याने धुतले गेले, परत बसले. दुपारच्या उन्हात समितीचं एकमत झालं की गाडी जुनी झाली.

संध्याकाळी मी ताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या गुडघ्याला तेल लावत होत्या.

"मग सोड न तो दोरा," त्या म्हणाल्या. "मिनिटाचं काम आहे."

"सोडला की गाडी बरी होईल. बरी झाली की मला चालवता येणार नाही."

"अन् नाही सोडला तर?"

"भंगारात."

ताईंनी तेलाची बाटली खाली ठेवली. "म्हणजे गाडी बरी झाली तरी तू घरी, मेली तरी तू घरी."

"हो."

"अन् माझा गुडघा?"

"तोही घरी."

"बाप्पा," ताई म्हणाल्या. बराच वेळ दुसरा गुडघा चोळत बसल्या, जो चांगला होता.

सोमवारी दत्तप्रसादने सांगितलं की त्याला मंगळवारी ऑडिट आहे आणि विवेकलाही प्रकल्पावर बोलावलंय. "मी नेते गाडी," मी म्हणाले. तो इतका खूश झाला की म्हणाला, "नापास झाली तरी मनाला लावून घेऊ नको." माझी नजर चुकवून त्याने जाताना गाडीच्या टपावर हात फिरवला. त्यालाही ती जायला नको होती. आमची निधी पुण्याला शिकायला जाण्याआधी मागच्या सीटवर झोपूनच मोठी झाली.

मंगळवारी मी आणि ताई तिशीत तपासणीला पोचलो. आठ-दहा गाड्यांची रांग. मी रांगेत गाडी बंद केली, बॉनेट उघडलं, दोऱ्याला हात घातला. गाठ सुटेना. दत्तप्रसादचं घराणं कुडाळकडचं, होड्या बांधणारं. त्यांची गाठ समुद्राला सुटत नाही, मला काय सुटणार.

ताई काठी टेकत खाली उतरल्या आणि पर्समधून नखं कापायची कात्री काढली. मी ती घेतली. पाती दोऱ्याला लावली. आणि हात पुढे जाईना. माझा देवावर फार विश्वास आहे असं नाही. पण पूजेच्या दोऱ्याला कात्री लावायची म्हटल्यावर आजवर ज्यांना ज्यांना वाकून नमस्कार केला त्या सगळ्या बायका रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली तू?" ताई म्हणाल्या. "पुढची गाडी सरकली."

"कापवत नाही हो."

"आण इकडे. आमच्यात हे काही नसते. तुला पाप नको, मला तर ते मुळातच नाही. कापते." त्यांनी एका हाताने काठी धरली, दुसऱ्याने कच् करून दोरा कापला, तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा मात्र तू सांभाळ. फेकू नको. दत्तप्रसादभाऊंनी जिवाने बांधला असेल."

दांडा टक् करून आपल्या जागी जाऊन बसला.

मी गाडी चालू केली. घर्र झालं आणि काही ऐकूच येईना. "बंद पडली," मी म्हणाले. "मेली वाटतं," ताई म्हणाल्या. मी परत किल्ली फिरवली तर ती आतून अशी करकरली की आम्ही दोघी ओरडलो. गाडी चालूच होती. काटा आठशेवर, हालचाल नाही, कुरकूर नाही. चांगली गाडी अशी असते हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

ब्रेक सोडला तर ती मुंगीच्या पावलाने सरकली. रांगेला तेवढं पुरे होतं. मुंगीसारख्याच आम्ही आत गेलो. निळ्या डगल्यातल्या तपासनिसाने दिवे बघितले, चाकं बघितली, धुरात नळी घालून बघितली, बॉनेटखाली वाकला. हळदीकुंकू बघून त्याने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं.

"मसाला?" त्याने विचारलं.

"नो, ब्लेसिंग," मी म्हणाले.

त्याने गंभीरपणे मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला. "ओल्ड कार, व्हेरी गुड. मफी मुश्किल. यल्ला." म्हणजे काही अडचण नाही, चला.

बाहेरच्या बाजूला मी गाडी कडेला लावून समितीच्या ग्रुपवर फोटो टाकला. पास. लगेच मयुरेश: "सेन्सरच होता!! सांगत होतो." विवेक: "नळी बसायला दोन-तीन दिवस लागतात, मेटल सेटल होतं." दत्तप्रसादने आधी हात जोडलेली तीन चिन्हं टाकली, मग मला वेगळं लिहिलं, "सावकाश ये." मी फोन पर्समध्ये टाकला.

आता फाटकाबाहेर मोठा रस्ता होता. तीन पदरी, सगळे शंभरच्या घरात. मुंगीचं तिथे काम नव्हतं. पायाखाली ब्रेकच्या शेजारची ती दुसरी पट्टी होती. तिला मी पाण्याच्या खोक्यांनंतर भेटले नव्हते.

मागून कुणीतरी हॉर्न दिला. ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मुठीतल्या दोऱ्याकडे.

"बांधू का परत?" त्या हळूच म्हणाल्या. "तुकडा पुरेल. गाठ मारते मी. कोणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर मी दार उघडायला हात नेला होता. बांधला की सगळं पहिल्यासारखं. तिशीत घर, तिशीत सलमानिया. पुढच्या वर्षी परत रांगेत कात्री. मीही निभावून नेलं असतं. पण त्या शुक्रवारचं उदबत्तीवालं सगळं ऐकून माझ्या डोक्यात एक गोष्ट शिल्लक राहिली होती. मयुरेश विवेकला सांगत होता की टर्बोला आधी धूर पुरेसा जमावा लागतो, मग त्याचा पंखा फिरतो, मग जोर येतो. मधे वेळ जातो. तेव्हा मी म्हटलं होतं मनात, अरे, हा तर दत्तप्रसाद. हाक मारली की उत्तर नाही. दुसरी मारली की उत्तर नाही. तिसरी ओरडून मारली की "ऐकू येतं मला!" म्हणून अंगावर येतो. आणि एकदाच हाक मारून गप्प बसलं, तर चष्मा शोधत, चप्पल शोधत, येतोच तो. वेळ लागतो, पण येतो.

"नका बांधू," मी म्हणाले. दोरा पर्समध्ये ठेवला.

रस्त्यात जागा झाली. मी पाय उचलून त्या पट्टीवर ठेवला, थोडासा दाबला, आणि तिथेच धरला. गाडी ढिम्म. जरा पुढे सरकली, पण ढिम्मच.

"जात नाही का?" ताई म्हणाल्या.

"येतेय."

"मागून ट्रक येऊन राहिला, कस्तुरी!"

"येतेय हो, ऐकलंय तिने."

पायाला दाबायचं होतं. मी नाही दाबलं. एक हाक मारली होती, पुरे. इंजिनाच्या आतून कुठूनतरी शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला, वाढत गेला, आणि मग पाठीला सीट टेकली. लाथ नव्हती ती. कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे न्यावं तसं. पन्नास, साठ, ऐंशी. ट्रक आरशात लहान झाला. मी किंचाळले नाही. ताई किंचाळल्या, त्यांच्या चांगल्या गुडघ्याला घट्ट धरून, आणि मग थांबल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं.

"अगं," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "सलमानियाचं वळण गेलं."

"माहितेय."

"माझी अपॉइंटमेंट आहे."

"हो."

"मग पाय उचल न."

"उचलते ना," मी म्हणाले. शिट्टी अजून वाजत होती. "उचलतेच."